कपाट जिन्यावरून उतरतं तो भाग

पाहुणा दारातून पडला की हशा. स्वयंपाक्याचं पातेलं सांडलं की हशा. मॅनेजर नुसता "अरे देवा" म्हणाला तरी हशा. आणि हा सगळा हशा कुणाचा, तर मालिकेच्या आत बसवलेल्या, कधीही न दिसणाऱ्या माणसांचा. खोलीत बसलेली तीन माणसं मात्र फोटो काढायला बसवल्यासारखी गप्प होती.

"अहो, यात हसायचं नक्की कुठे असतं?" बायकोने विचारलं. तिच्या मांडीवर निवडायची भाजी होती आणि मालिकेपेक्षा भाजीत तिला जास्त रस होता.

"थांब गं. सुरुवातीला जरा संथ आहे. पुढे रंगते."

"हे तुम्ही परवाही म्हणालात."

परवाही म्हणाला होता, हे खरं. त्याचा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. तो गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांचा आणि रस्त्यावरच्यांचा जीव सांभाळायचा, हा त्याचा धंदा. त्यामुळे डोळ्यांसमोर काही चुकायला लागलं की पाय आपोआप खाली जायचा. मग ते लग्नातलं भाषण असो की सिनेमातलं गाणं. आत्ता पाहुणा पुन्हा दारातून पडला, पाय पुन्हा खाली गेला. पण मालिकेला कुठला आलाय ब्रेक.

मालिकेचं नाव 'लॉजवाले'. तो शाळेत असताना दर मंगळवारी संध्याकाळी लागायची. एक भित्रा मॅनेजर, एक बहिरा दरवान, एक स्वयंपाकी, आणि कधीही न जाणारा एक पाहुणा. त्या वयात जगात याहून विनोदी काही असू शकतं, यावर त्याचा विश्वास नव्हता. आणि ती आता लावायचं कारण खिडकीजवळच्या खुर्चीत बसलं होतं. कारण म्हणजे वडील.

वडील सिनेमा थिएटरातले जुने ऑपरेटर. उभा जन्म प्रेक्षकांच्या डोक्यामागच्या छोट्या खोलीत गेला. भिंतीतल्या चौकोनातून उजेड सोडायचा, खालच्यांना हसवायचं, रडवायचं, आणि आपण मशीनच्या खडखडाटात घाम पुसत बसायचं. काही महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, ती थोडी परत आली. वाचा गेली ती आलीच नाही. उरला एक 'ता'. पाणी हवं, ता. दिवा मालवा, ता. सूनबाई गुणाची आहे, ता. सूनबाईचा चहा पाणचट झालाय, तोही ता. फक्त तो जरा जोरात.

दवाखान्यातल्या, बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, "त्यांना पाठ असलेलं काहीतरी ऐकवा. गाणी, प्रार्थना, जुने विनोद. नेहमीच्या वाटेने शब्द येत नाहीत ना, तर कधीकधी ते मागच्या दाराने येतात." आणि मग फाइल मिटता मिटता त्या म्हणाल्या होत्या, "या महिन्याच्या शेवटी मी पुन्हा तपासेन. तोवर काहीच हललं नाही, तर त्यांची वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. बाहेर रांग आहे, तुम्ही बघताय."

त्याला फार नको होतं. एक शब्द हवा होता. कुठलाही.

आधी त्याने प्रार्थना लावून पाहिली. वडील श्रद्धाळू, मशीनला हात जोडल्याशिवाय त्यांनी कधी खेळ सुरू केला नाही. रोजची प्रार्थना ऐकून ओठ ओळखीने हलले, पण आवाज निघाला तो ता, ता, ता. देवापुढे आपल्याला आता एवढंच म्हणता येतंय, हे कळल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते पाहून मुलाने ती वाटच सोडली. देवाला तो ता पोहोचला, याबद्दल शंका नको. त्याला सगळ्या बाराखड्या येतात, अर्ध्यामुर्ध्यासुद्धा. पण हे बापाच्या डोळ्यांना कोण समजावणार?

म्हणून मग रडवणारं नको, हसवणारं लावू, असं त्याने ठरवलं. 'लॉजवाले' म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर हसणारे वडीलच यायचे. पोट धरून, डोळे मिटून, मान मागे टाकून हसणारे. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून सगळे भाग इंटरनेटवर चढवले होते. ते सापडले तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की त्याने मॅडमना लगेच फोन केला होता. आता तो आनंद आठवून त्याचे कान गरम होत होते.

कारण मालिका वाईट होती. थोडी जुनाट वगैरे नव्हे, वाईट. दार आपटलं की भिंत हलायची. बहिऱ्या दरवानाला प्रत्येक गोष्ट वेगळीच ऐकू यायची, एवढ्या एका विनोदावर अख्खे भाग काढलेले. मॅनेजरची बायको आली की मॅनेजर टेबलाखाली. का? तर बायको आली म्हणून. हे तिला दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा भाजीची परात बाजूला ठेवून बायको म्हणाली, "हे तुम्हाला आवडायचं? आणि हे न विचारता मी तुमच्याशी लग्न केलं."

"लहान होतो मी!"

"लहान असताना मला माती आवडायची. मी काही घरात आणून सगळ्यांना वाढत नाहीये."

तो तरीही लावत राहिला. सकाळचे शिकाऊ संपले की घरी यायचा, वडिलांची खुर्ची वळवायचा आणि पुढचा भाग. वडील पडद्याकडे बघायचे, ऑपरेटर बघतो तसे. चित्र सरळ आहे ना, फिल्मची पट्टी अडकली नाही ना, एवढंच. हसू नाही. मग मान खिडकीकडे. त्याला मालिकेचा राग यायचा, मग आपल्या लहानपणाचा, आणि मग, खोटं कशाला, वडिलांचाही. एकेकाळी याच गोष्टीवर गडबडा लोळला होतात ना? मग आता हसायला काय होतंय?

आणि मग तो भाग लागला. त्यात स्वयंपाकी बोलायला उभा राहिला. स्वयंपाकी तोतरा होता, हे हा साफ विसरला होता. "भा... भा... भा..." सुरू झालं. मॅनेजर डोळे फिरवतोय, पाहुणा घड्याळ बघतोय, आणि ते न दिसणारे लोक हसतायत. "भा... भा..." हशा वाढतोय. स्वयंपाक्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड वेडंवाकडं झालं, शब्द काही येईना. वडील पडद्याकडे बघत होते. पहिल्यांदाच, अगदी एकटक.

"बंद करा ते!" बायको आतून ओरडली.

रिमोट सापडेना. खुर्चीखाली नाही, उशीखाली नाही. त्याचा पाय फरशीवर आपटतोय, दाबतोय, आणि गाडी काही थांबत नाही. शेवटी त्याने उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं. पडदा काळा झाला.

"ता," वडील म्हणाले. आवाज इतका साधा होता, की त्याला वडिलांकडे वळून बघवेना.

त्या दिवशी संध्याकाळच्या शिकाऊंपैकी एका बाईंनी गिअर टाकताना खरखर केली, तर हा त्यांच्यावर इतका ओरडला की त्यांनी गाडी बाजूला घेतली, चावी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सर, आज तुम्हीच चालवा. माझी बँकेत दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन झालीत, वरून तुमची नकोत."

तरी त्याची एक आशा शिल्लक होती. कपाटाचा भाग. लॉजमध्ये तपासणीला इन्स्पेक्टर येतो, जादा पाहुण्याला कपाटात लपवतात, आणि ते कपाट पाहुण्यासकट जिन्यावरून खाली उतरवतात. त्या भागाला वडील सगळ्यात जास्त हसले होते, ही काळ्या दगडावरची रेघ. बाकी सगळं जाऊ दे खड्ड्यात, तो भाग वडिलांना ओळखू येणारच.

त्याने भाग शोधून काढला. इन्स्पेक्टर आला. पाहुणा कपाटात गेला. इन्स्पेक्टरने कपाट उघडलं. पाहुणा बाहेर पडला. हशा. तेच पडणं पुन्हा दाखवलं. हशा. मॅनेजर "अरे देवा" म्हणाला आणि भाग संपला.

त्याने मागे नेलं, पुढे नेलं. जिना नाहीच. म्हणजे कुणीतरी मधला तुकडा कापला. सगळ्यात उत्तम तुकडा! त्याने ते भाग चढवणाऱ्या माणसाला तावातावाने लिहिलं: कापायचं होतं तर चढवलंत कशाला, लोकांच्या आठवणींशी खेळता का. त्या माणसाचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. "काहीही कापलेलं नाही. कॅसेटवर होतं तेवढं सगळं आहे. आपला विश्वासू."

त्याने बहिणीला फोन लावला. ती लहान, पण तिची स्मरणशक्ती म्हणजे घरचा वकील.

"दादा, कुठला जिना?"

"अगं, कपाट जिन्यावरून उतरवतात तो."

"त्या मालिकेत जिना नव्हताच. एक काउंटर, एक खोली आणि एक दार. त्यांच्याकडे जिना बांधायला लाकूड तरी होतं का? जिना आपल्या बिल्डिंगला होता."

"काहीतरी काय बोलतेस. मी पाहिलाय. बाबांनी पाहिलाय. बाबा हसून हसून..."

"बाबांनी? मंगळवारी संध्याकाळी? मग थिएटरातला संध्याकाळचा खेळ कोण चालवायचं, तू?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांनी तुझे लॉजवाले आयुष्यात पाहिले नाहीत, दादा. बुधवारी सकाळी ते दाढी करायला बसायचे आणि तू समोर बादली उलटी घालून बसायचास. सगळा भाग सांगायचास. सांगायचास कसला, मीठमसाला लावून दुसराच करायचास. मी एकदा म्हटलं होतं, बाबा, हा खोटं सांगतोय, असं काही नव्हतं. तर बाबा मलाच म्हणाले, तू गप गं, तुला दिसलं नसेल."

"असं काही नाहीये."

"बरं, नाहीये."

"तुला प्रत्येक वेळी मीच चुकीचा ठरायला हवा असतो."

"अरे, मी कौतुक करतेय तुझं, टोणग्या!"

त्याने फोन ठेवून दिला. चिडला होता तो, पण कुणावर, ते ठरवता येईना. मग त्याने डोळे मिटून ते हसणारे वडील पुन्हा समोर आणून पाहिले. पोट धरलेलं, मान मागे, आणि अर्ध्या गालावर साबणाचा फेस. फेस! इतकी वर्षं तो फेस तिथे होता, आणि संध्याकाळी टीव्हीपुढे कोण गालाला फेस लावून बसतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने टीव्ही लावला नाही. वडिलांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसला, घसा साफ केला, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. कारण तो दिवसभर माणसांशी बोलायचा ते असं: क्लच. आरसा. हळू. अहो हळू. गेली कित्येक वर्षं त्याच्या तोंडून एक लांब वाक्य निघालं नव्हतं.

"बाबा. लॉज आहे. इन्स्पेक्टर येतो. पाहुणा लपवायचाय. कपाटात घालतात. कपाट उचलतात. जिन्याने उतरवतात."

वडील खिडकीकडे बघत होते.

"गोष्ट सांगताय की गाडी मागे घ्यायला लावताय?" बायको आतून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस! आधीच मला काही..." आणि तो जो राग होता, मालिकेचा, त्या विश्वासूचा, बहिणीचा, तो तसाच्या तसा मॅनेजरच्या तोंडात गेला. "अरे उचला! उचला म्हणतो ना! इन्स्पेक्टर दारात आलाय आणि तुम्ही कपाटाला काय मिठी मारताय!" तो उभा राहिला. स्टूल कलंडलं. "दरवान पुढे, स्वयंपाकी मागे. दरवान बहिरा. स्वयंपाकी म्हणतो, हळू, दरवान पळतोय. कपाट जिन्यावर तिरकं अडकलं. ना वर, ना खाली. मग आतून आवाज येतो. कपाटातून. पाहुणा म्हणतो, जरा डावीकडे घ्या. दोघं घाबरले! पण डावीकडे घेतलं. आता सरळ, कपाट म्हणतं. आता क्लच सोड. क्लच नाही... आता सोडा. म्हणजे सोडू नका! धरा! आरशात बघा, मागून कुणी येतंय का!"

वडिलांची मान वळली होती. डावा खांदा हलत होता, किंचित. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती.

"खालून इन्स्पेक्टर वर येतोय. जिना हा एवढा. तो बिचारा भिंतीला चिकटून उभा राहतो, कपाट जाऊ देतो. कपाट जाता जाता म्हणतं, आभारी आहे साहेब. इन्स्पेक्टर म्हणतो, असू द्या, असू द्या. आणि दोन पायऱ्या वर जातो. आणि थांबतो."

तोही थांबला. हात हवेत, अदृश्य कपाटावर.

पुढे काय, ते त्याला माहीत नव्हतं. विसरला नव्हता, पुढे कधी काही नव्हतंच. इन्स्पेक्टर थांबला की वडील असे हसायचे, की वस्तरा बाजूला ठेवावा लागायचा, आई आतून ओरडायची, शाळेची वेळ व्हायची, आणि गोष्ट तिथेच राहायची. पुढचं सांगायची कधी गरजच पडली नव्हती. पण आज ते हसणं आलं नाही. खांदा हलला तेवढाच, आणि तोही शांत झाला. ना फेस, ना मागे टाकलेली मान. म्हणजे मालिकाच काय, माझं सांगणंही आता टिकत नाही, असं त्याच्या मनात आलं आणि सगळा जोर गळून गेला.

"एवढंच," तो म्हणाला. "संपलं. पुढचं काही नाही, बाबा."

त्याने स्टूल सरळ केलं.

वडिलांच्या कपाळावर आठी पडली. तोंड उघडलं, मिटलं. "ता," ते म्हणाले, आणि मान हलवून तो ता स्वतःच खोडून टाकला. ओठ एकमेकांवर दाबले. मानेच्या शिरा फुगल्या. कुणीही हसलं नाही. "म..." खोलीत दुसरा आवाज नव्हता. "म... मग?"

बायकोच्या हातून काही पडलं नाही की काही नाही; ती नुसती तिथेच दाराला टेकून खाली बसली. देवाचे आभार मानायचे असतात हे माणसाला अशा वेळी सुचत नाही.

"काय म्हणालात?" मुलाने विचारलं.

"मग?" वडील म्हणाले. या वेळी जरा रागानेच. इन्स्पेक्टर जिन्यात ताटकळला होता.

महिन्याच्या शेवटी मॅडमनी तपासलं. पेन दाखवलं, "हे काय?" वडील म्हणाले, "मग?" पेला दाखवला. "मग?" मॅडमनी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं. मग मॅडमनी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि सांगू लागल्या, "आज सकाळी आमच्या दवाखान्यात काय झालं माहितीये? पाण्याचा नळ तुटला..." आणि जरा थांबल्या. वडील पुढे झुकले. "मग?" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "योग्य जागी येतोय. बरोबर तिथेच येतोय. वेळ चालू ठेवते मी."

झालं, वेळ राहिली. पण घरात आता मुलाची धडगत राहिली नाही. तो जेवायला बसला, की "मग?" वर्तमानपत्र उघडलं, "मग?" त्याने वडिलांसमोर स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, "बाबा, मी कोण?" वाटलं होतं, आता तरी नाव येईल. वडिलांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "मग?"

इन्स्पेक्टरचं काय झालं, एवढंच त्यांना हवं होतं. त्याने एकदा सांगून टाकलं, की इन्स्पेक्टर वळतो, कपाट उघडतो आणि पाहुणा बाहेर पडतो. वडिलांनी डावा हात खुर्चीवर आपटला. "ता!" इतका तुच्छतेने भरलेला ता त्या घरात कुणी ऐकला नव्हता. त्याने इन्स्पेक्टरला झोपेतून जागं करून पाहिलं, त्याचंच लग्न लावून पाहिलं. "ता!" बहिणीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय विचारतोस, मला तर तेव्हाही दिसलं नव्हतं." आणि हसत सुटली.

आज सकाळी तो बूट घालून दारात उभा होता. बाहेर बँकेतल्या बाई आल्या होत्या, गाडीत बसून हॉर्न वाजवत होत्या. आता त्याही त्याच्यावर ओरडायला शिकल्या होत्या.

"मग?" खुर्चीतून आवाज आला.

"बाबा, मला उशीर होतोय."

"मग?"

"इन्स्पेक्टर वळला," तो दाराला धरून म्हणाला. "वळला, आणि कपाटाजवळ आला. आणि कपाटावर टकटक करून म्हणाला..." काय म्हणाला ते त्यालाही अजून ठाऊक नव्हतं. बाहेर हॉर्न लांबला. वडील पुढे झुकले होते.

"मग?"

"सांगतो ना! जरा दम धराल की नाही!" तो ओरडला, आणि एका बुटाचा बंद सोडत परत आत आला.